लोणारचं विवर संगणकावर अडखळत का फिरतं?

प्रश्न : मी अमडापूरची (ता. चिखली, जि. बुलढाणा), बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गणिताच्या प्रकल्पासाठी लोणारच्या विवराचा आकार सूत्रातून काढायचं ठरवलं. पायथनमध्ये मॅटप्लॉटलिब वापरून आकृती आली. पण ती गुळगुळीत दिसावी म्हणून जाळी बारीक केली, तेव्हापासून माउसने फिरवायला गेलं की अडखळते. तळ्याचं पाणी म्हणून एक सपाट पृष्ठ घातलं, तर फिरवताना ते मध्येच कड्यांच्या वर आलेलं दिसतं. माझ्या भावाच्या साध्या मोबाइलवर मात्र गाड्यांच्या शर्यतीचा खेळ झाडं-इमारतींसकट सपासप पळतो. नवा लॅपटॉप घेतल्याशिवाय यावर काही उपाय आहे का?

उत्तर : उपाय आहे आणि त्याला एक रुपयाही लागत नाही. तुमच्या लॅपटॉपची ताकद कमी पडत नाहीये. त्याच्याकडून तेच ते काम पुन्हा पुन्हा करून घेतलं जातंय, आणि ते ज्या भागाला जमतं त्याच्याकडे दिलंच जात नाहीये.

आधी सूत्र ठरवू, म्हणजे आकडे घालून बोलता येईल. तुमचं सूत्र पत्रात नाही, म्हणून मी एक घेतो. लोणारचं विवर काठापासून काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. काठापासून तळ सुमारे १५० मीटर खोल आणि काठ आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीसेक मीटर उंच. आता कोणत्याही बिंदूचं केंद्रापासूनचं अंतर मीटरमध्ये घ्या, त्याला ८०६ ने भागा आणि आलेल्या संख्येचा सहावा घात करा. त्याला 'त' म्हणू. मग त्या बिंदूची उंची = १३० × (त − १) × ई या संख्येचा 'उणे त' हा घात. केंद्रावर 'त' शून्य, म्हणून उंची उणे १३०. अवकलन करून पाहिलंत तर सर्वात उंच जागा 'त' बरोबर २ असताना येते, म्हणजे केंद्रापासून सुमारे ९०५ मीटरवर, आणि तिथे उंची १७.६ मीटर. म्हणजे काठ, व्यास, खोली सगळं जवळपास जुळलं. घात दोन न घेता सहा घेतला, कारण दोन घेतला तर तळ फार गोलसर होतो आणि पाणी घातल्यावर डबकं दिसतं. खऱ्या लोणारला तळ बराच सपाट आणि कडे उभट आहेत. सहाव्या घाताने तळापासून दहा मीटर वर पाणी धरलं तर त्याची त्रिज्या साधारण ४७० मीटर येते आणि ते तळ्यासारखं दिसतं.

आता या आकाराचं संगणक काय करतो ते पाहू. वक्र पृष्ठ म्हणून त्याला काही काढता येत नाही. तो त्रिकोण काढतो. चार किलोमीटर बाजूच्या चौरसावर आपण १०० गुणिले १०० बिंदूंची जाळी टाकली, तर दहा हजार ठिकाणी सूत्र मोजावं लागतं आणि १९,६०२ त्रिकोण तयार होतात. जाळी दुप्पट बारीक केली की काम चौपट होतं, हे विसरायला होतं. गुळगुळीतपणाच्या हौसेपायी १००० गुणिले १००० केलं, तर त्रिकोण १९,९६,००२ होतात. तुमच्या लॅपटॉपचा पडदा नेहमीसारखा १३६६ गुणिले ७६८ असेल, तर त्यावर ठिपकेच १०,४९,०८८ आहेत. एका ठिपक्यामागे जवळजवळ दोन त्रिकोण! त्यातले निम्मे तर डोळ्यांना दिसूच शकत नाहीत.

तरीही वीस हजार त्रिकोण ही आजच्या कोणत्याही यंत्राला किरकोळ गोष्ट आहे. मग अडखळणं कुठून येतं? मॅटप्लॉटलिब हे मुळात कागदावर छापायच्या सपाट आलेखांसाठी घडवलेलं साधन आहे, आणि त्या कामात ते उत्तम आहे. त्रिमित आकृतीची सोय त्याला नंतर जोडली गेली. माउस जरा हलला की ते प्रत्येक तुकड्याचे कोपरे नव्याने पडद्यावर कुठे येतात ते मोजतं, सगळे तुकडे लांबून जवळ अशा क्रमाने लावतं आणि एकेक करून रंगवतं. हे सगळं मुख्य प्रोसेसरवर. तुमच्या लॅपटॉपमधला ग्राफिक्सचा भाग, जो नेमका याच कामासाठी बसवलेला आहे, तो तेवढा वेळ रिकामा असतो. म्हणूनच मॅटप्लॉटलिब पृष्ठ काढताना आपणहून दोन्ही दिशांना जास्तीत जास्त ५० बिंदूच घेतं. तुम्ही हजारांची जाळी दिलीत तरी त्यातले पन्नास-पन्नास निवडून घेतं. ही मर्यादा तुम्ही हाताने वाढवलीत, तिथून त्रास सुरू झाला.

खेळात काय होतं पाहा. गाडीचे, झाडाचे, इमारतीचे त्रिकोण खेळ बनवणाऱ्यांनी आधीच ठरवून ठेवलेले असतात. तिथे कुठलंही सूत्र सोडवायचं नसतं. ते त्रिकोण एकदाच ग्राफिक्सच्या स्मृतीत भरले जातात. त्यानंतर दर चित्रामागे फक्त 'आता बघणारा इथे उभा आहे' एवढं सांगणारे सोळा आकडे, म्हणजे चार गुणिले चारचा एक मॅट्रिक्स, पाठवला जातो. मूर्तिकाराला मूर्ती मागून बघायची असली तर तो नवी मूर्ती घडवत नाही, पाट फिरवतो. इथे तसंच आहे. मॅट्रिक्सने गुणणं हे काम ग्राफिक्सचा भाग शेकडो बिंदूंवर एकाच वेळी करतो. सेकंदाला ६० चित्रं म्हणजे एका चित्राला सोळा-सतरा मिलिसेकंद. त्यात हे आरामात बसतं.

तुमच्या विवराचंही असंच करता येतं. दहा हजार बिंदूंची उंची एकदाच मोजायची. प्रत्येक बिंदूचे तीन आकडे जागेचे आणि तीन आकडे पृष्ठ कुठे तोंड करून आहे त्याचे, चार-चार बाइटचे. सगळे मिळून २,४०,००० बाइट, म्हणजे मोबाइलने काढलेल्या एका फोटोपेक्षाही कमी. त्रिकोण पाठवताना मात्र एक काळजी घ्यायची. प्रत्येक त्रिकोणाचे तीन कोपरे सुटे सुटे पाठवले तर ५८,८०६ कोपरे होतात, कारण शेजारचे त्रिकोण तेच कोपरे पुन्हा मागतात. बिंदू एकदाच पाठवून 'हा, हा आणि हा जोडा' असे क्रमांक दिले, की मूळचे दहा हजार पुरतात.

हे सगळं स्वतः लिहायची गरज नाही. ज्या साधनाने हे काम पायथन वापरणाऱ्यांच्या हाती आणून दिलं, त्याची पाळंमुळं आपल्या देशातच आहेत. त्याचं नाव मायावी. प्रभू रामचंद्रन यांनी ते आयआयटी मद्रासमध्ये संशोधन करत असताना लिहायला घेतलं. पुढे ते पवईला आयआयटी मुंबईच्या एरोस्पेस विभागात प्राध्यापक झाले. २०११ मध्ये त्यांनी आणि गाएल वारोको यांनी मिळून मायावीवर लिहिलेला लेख जगभरच्या शास्त्रज्ञांच्या वाचनात आला. वाऱ्याचे प्रवाह, द्रवांचे भोवरे अशी लाखो आकड्यांची माहिती फिरवून बघायची गरज या मंडळींना रोजची होती, आणि साधन घडलं ते त्या गरजेतूनच. मायावी स्वतः त्रिकोण रंगवत नाही. ते काम व्हीटीके नावाच्या, १९९३ पासून वाढत आलेल्या संचाकडे जातं. तो संच सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला आहे आणि ग्राफिक्सच्या भागाशी थेट बोलतो. पायथनमध्ये तुम्ही फक्त 'हे आकडे, यांचं पृष्ठ कर' एवढं सांगता. मॅटप्लॉटलिबच्या स्वतःच्या माहितीपुस्तिकेतसुद्धा, त्रिमितीचं मोठं काम असेल तर मायावीकडे वळा, असं सुचवलेलं आहे. मला हा मोकळेपणा फार मोलाचा वाटतो.

मायावीमधली आणखी एक सोय तुमच्या उपयोगाची आहे. पाण्याची पातळी वरखाली होताना दाखवायची असेल तर दर वेळी आकृती पुसून नवी काढू नका. जुन्याच आकृतीतले आकडे बदलायची तरतूद तिथे आहे. नवी आकृती काढली की त्रिकोणांची जोडणी, रंग, प्रकाश सगळं पहिल्यापासून मांडावं लागतं. आकडे बदलले की फक्त उंची बदलते.

आता त्या कड्यांवर चढणाऱ्या पाण्याबद्दल. तुमच्या पत्रातला हा भाग मला सगळ्यात आवडला, कारण त्यात तुम्ही नकळत एका जुन्या अडचणीवर बोट ठेवलंय. मॅटप्लॉटलिब लांबचं आधी आणि जवळचं नंतर रंगवतं. पण पाणी आणि विवर ही दोन वेगळी पृष्ठं असल्यामुळे आधी एक पूर्ण पृष्ठ रंगवलं जातं आणि मग त्यावर दुसरं. खरं पाणी काही भागांत कड्याच्या पुढे असतं आणि काही भागांत मागे. त्यामुळे 'आधी कोण' या प्रश्नाला एकच उत्तर नाही. अशा वेळी क्रम कसाही लावला तरी चित्र कुठेतरी चुकतंच.

याचं उत्तर १९७४ मध्ये दोन ठिकाणी निघालं, अमेरिकेत युटा विद्यापीठात एड कॅटमल यांच्या प्रबंधात आणि बर्लिनमध्ये वोल्फगांग श्ट्रासर यांच्या प्रबंधात. क्रम लावूच नका, म्हणाले. पडद्याच्या प्रत्येक ठिपक्यासाठी रंगाबरोबर आणखी एक आकडा ठेवा : आत्तापर्यंत इथे रंगवलेली वस्तू किती लांब आहे. नवा त्रिकोण आला की त्या ठिपक्यावर त्याचं अंतर बघा. जवळचं असेल तर रंगवा, नसेल तर सोडून द्या. बस्स. त्रिकोण कोणत्याही क्रमाने आले, एकमेकांत घुसलेले असले, तरी चित्र बरोबरच येतं. तुमच्या पडद्यासाठी या आकड्यांना ठिपक्यामागे चार बाइट धरले तर जेमतेम ४२ लाख बाइट लागतात. त्या काळी एवढी स्मृती म्हणजे अवाच्या सवा खर्च होता, म्हणून ही युक्ती बरीच वर्षं चैनीची मानली गेली. आज ती प्रत्येक मोबाइलच्या ग्राफिक्स चिपमध्ये पक्की बसवलेली आहे. कॅटमल पुढे पिक्सार कंपनीच्या संस्थापकांपैकी एक झाले आणि २०१९ चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना पॅट हॅनराहान यांच्यासोबत मिळाला.

या युक्तीचं एक पथ्य आहे : वस्तू अपारदर्शक हवी. पाणी अर्धपारदर्शक केलंत की मागचं आणि पुढचं दोन्ही मिसळून दिसायला हवं, आणि पुन्हा क्रमाचा प्रश्न उभा राहतो. म्हणून पाणी पारदर्शक ठेवायचंच असेल तर विवर मात्र पूर्ण अपारदर्शक ठेवा. जिओजेब्रा हे गणिताचं सॉफ्टवेअर वापरत असाल, तर त्यात त्रिमित पृष्ठ मुळातच थोडं पारदर्शक येतं. तिथे गुणधर्मांत जाऊन ती पारदर्शकता काढली तर कमी ताकदीच्या यंत्रावर फरक पडू शकतो.

इथवर झालं ते यंत्राकडून नीट काम करून घेणं. खरी गंमत गणितात आहे, आणि बी.एस्सी.च्या विद्यार्थिनीला ती सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

आपल्या सूत्रात केंद्रापासून १२०० मीटरवर उंची किती येते? अडीच सेंटीमीटरही नाही. म्हणजे तिथून पुढे नुसतं माळरान. चार किलोमीटर बाजूच्या चौरसाचं क्षेत्रफळ १६ चौरस किलोमीटर. त्यातलं १२०० मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढून टाकलं तर जवळजवळ साडेअकरा चौरस किलोमीटर सपाट जमीन उरते. सारख्या जाळीत दहापैकी सात त्रिकोण या सपाट जमिनीवर जातात, जिथे मोजके मोठे त्रिकोण पुरले असते. आणि जिथे पृष्ठ वळतं, म्हणजे साधारण ५०० ते १००० मीटरच्या पट्ट्यात, तिथे मात्र त्रिकोण अपुरे पडतात. म्हणून आपण सगळीकडेच जाळी बारीक करत सुटतो. मॅथेमॅटिकासारखी सॉफ्टवेअरं हे आपणहून ओळखतात : आधी विरळ जाळी टाकतात, पृष्ठ कुठे जास्त वळतंय ते तपासतात आणि तेवढ्याच ठिकाणी त्रिकोणांचे आणखी तुकडे करतात.

तुम्हाला तर तेवढंही करायची गरज नाही, कारण तुमचा आकार गोल फिरवून तयार होणारा आहे. चौकोनी जाळी सोडा आणि ध्रुवीय निर्देशक घ्या. केंद्रापासून १२०० मीटरपर्यंत ६० अंतरं घ्या, कड्याच्या पट्ट्यात दाट आणि बाकी विरळ. पाच-पाच अंशांनी ७२ दिशा घ्या. उंची फक्त अंतरावर अवलंबून आहे, म्हणून ते सहाव्या घाताचं आणि ईच्या घाताचं किचकट गणित फक्त ६० वेळा करायचं. कोज्या आणि ज्या ७२ वेळा. बाकी सगळे नुसते गुणाकार. दहा हजार वेळांऐवजी साठ वेळा! त्रिकोण साडेआठ हजारांच्या आत राहतात आणि त्यांच्या कडा काठाच्या बाजूने जातात, त्यामुळे काठ करवतीसारखा दातेरी दिसत नाही. जिओजेब्रात पृष्ठाची आज्ञा दोन चलांनी देता येते, मायावीत बिंदूंचे तीन तक्ते देता येतात. दोन्हीकडे हे जमतं.

हे आकडे पायथनमध्ये मोजताना 'फॉर'ची फेरी फिरवू नका. पायथनच्या नमपाय संचातले तक्ते वापरून सगळी अंतरं एकदम सूत्रात घाला. एकेका आकड्यासाठी पायथनला आज्ञा वाचून समजून घ्यायला लागणारा वेळ वाचतो, आणि तो वेळ प्रत्यक्ष गणितापेक्षा कितीतरी जास्त असतो.

आणखी एक. आकृती खडबडीत दिसते म्हणून आपण त्रिकोण वाढवतो, पण पुष्कळदा दोष त्रिकोणांचा नसतो, प्रकाशाचा असतो. प्रत्येक त्रिकोणाला एकच छटा दिली की कडा डोळ्यात भरतात. १९७१ मध्ये युटातच आंरी गूरो यांनी दाखवलं, की छटा कोपऱ्यांवर मोजून मधल्या भागात हळूहळू मिसळत नेली तर तेच मोजके त्रिकोण गुळगुळीत दिसतात. त्याच विद्यापीठातल्या बुइ तुओंग फोंग यांनी यात सुधारणा केली. छटांऐवजी त्यांनी पृष्ठाची दिशाच मिसळली. ही दिशा म्हणजे पृष्ठाला काढलेला लंब, आणि तो मिळतो आंशिक अवकलनातून. तुमच्याकडे सूत्र आहे, म्हणजे लंब अंदाजाने काढायची गरजच नाही. दुसऱ्या वर्षाच्या पाठ्यपुस्तकातलं अवकलन इथे थेट हजारो त्रिकोण वाचवतं. प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेत हे जरूर सांगा.

तुमच्या वर्गात कुणी गोल, कडं किंवा दोन गोल एकमेकांत मिसळल्यासारखं काही काढत असेल, जिथे उंचीचं सूत्र मिळत नाही आणि फक्त 'ही राशी बरोबर शून्य' एवढंच समीकरण असतं, तर त्यांचं काम खरोखरच जड आहे. तिथे सगळी जागा छोट्या घनांत विभागावी लागते. प्रत्येक बाजूला शंभर घेतले तर दहा लाख ठिकाणी गणित. प्रत्येक घनाचे आठ कोपरे आत की बाहेर ते पाहून त्यातून पृष्ठ कसं जातं ते ठरवायचं. शक्यता २५६, पण फिरवून-उलटवून मूळ नमुने पंधराच. ही पद्धत विल्यम लॉरेन्सन आणि हार्वे क्लाइन यांनी १९८७ मध्ये मांडली, सीटी स्कॅनच्या कापांतून हाडांचा आकार उभा करण्यासाठी. लॉरेन्सन हे पुढे व्हीटीके घडवणाऱ्या तिघांपैकी एक.

एक साधी तपासणीही करून घ्या. ब्राउझरमध्ये जिओजेब्रा चालवत असाल तर सेटिंगमध्ये ग्राफिक्स अ‍ॅक्सिलरेशन सुरू आहे ना ते बघा. ते बंद असेल किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर नीट बसलेला नसेल, तर सगळं ओझं पुन्हा मुख्य प्रोसेसरवर येतं आणि वरची सगळी मेहनत अर्ध्यावर राहते. जिओजेब्रा आणि पायथन शिकायला आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे पाठ मराठीतही आहेत आणि ते मोफत आहेत.

शेवटी, सूत्र बाजूला ठेवून खरं लोणार फिरवून बघायचं असेल तर तेही तुमच्या याच लॅपटॉपवर होईल. फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर यानाने रडारने घेतलेली उंचीची मोजणी सर्वांना खुली आहे, आणि इस्रोच्या भुवन संकेतस्थळावर कार्टोसॅटच्या चित्रांवरून केलेली उंचीची नोंदही मिळते. दोन्हींत साधारण ३० मीटरवर एक बिंदू असतो. चार किलोमीटरच्या चौरसाला सुमारे १८ हजार बिंदू आणि ३५ हजार त्रिकोण लागतील. मायावीला ते काहीच नाही. सूत्रात न येणारी गोष्टही तिथे दिसेल : ईशान्येला धार नावाच्या झऱ्याच्या बाजूला पाण्याने कापत नेलेला काठ. आकृती काढताना उंची दोन-तीन पटींनी ताणून घ्या, नाहीतर चार किलोमीटर रुंदीत दीडशे मीटर खोली उठून दिसत नाही. आणि किती पट ताणली ते आकृतीखाली लिहा.

हाच डाव संपूर्ण बुलढाणा जिल्ह्यावर टाकलात, अमडापूरपासून लोणारपर्यंत आणि वर सातपुड्यापर्यंत, तर साडेनऊ हजारांहून जास्त चौरस किलोमीटरना एक कोटीवर बिंदू आणि दोन कोटी त्रिकोण होतील. तेव्हा मात्र जवळचा मुलूख ३० मीटरच्या जाळीने आणि लांबचा १२० किंवा २४० मीटरच्या जाळीने दाखवावा लागेल, आणि बघणारा पुढे सरकेल तशी जाळी बदलत न्यावी लागेल. पुढच्या वर्षीचा प्रकल्प अजून ठरला नसेल तर हा घ्या.